सांबराच्या बाजूनं साक्ष

यास्मिन गेल्याचं मला ज्या माणसाच्या मोबाइलवरून कळलं, त्याच माणसाच्या रायफलीनं सांबर मेलं असं ती भर कोर्टात सांगून आली होती.

मी वारणानगरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तास संपवून स्टाफरूममध्ये आले, डबा उघडला आणि सहज फोन बघितला, तर नेमबाजी क्लबच्या जुन्या ग्रुपवर निरोप येऊन पडलेला. 'आपल्या क्लबची गुणी कन्या, प्राणीमित्र डॉ. यास्मिन हिचे आज सकाळी दुःखद निधन झाले...' खाली जोडलेले हात, पांढरी फुलं आणि तिचा विशीतला फोटो. पाठवणारे साहेब. तिच्या धाकट्या भावाचा, सलीमचा फोन त्यानंतर आला. तो रडत होता. मला रडू आलंच नाही. आजार मला ठाऊक होता, उन्हाळ्यात निदान झालं तेव्हाच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तेव्हा मनाची तयारी होती. तयारी नव्हती ती ह्या निरोपाची. तिच्या घरच्यांच्याही आधी तिच्या मरणावर ह्या माणसानं आपलं नाव टाकून घेतलं होतं.

साहेबांचं नाव मी इथं लिहीत नाही. संपादकांनी बजावलंय की कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलेलं आहे, तेव्हा नाव नको. बरोबर आहे. कोर्टानं त्यांना सोडलं. हे मी मुद्दाम आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. आता बाकीचं लिहिते.

आम्ही भेटलो अकरावीत, कोल्हापुरात, मुलींच्या होस्टेलवर. ती मलकापूरची. वडिलांचं गाद्यांचं दुकान, पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजायचा धंदा. सुट्टीवरून परत आली की तिच्या वेणीत हमखास कापसाची पिसं अडकलेली असायची आणि मी ती उपटत बसायचे. एनसीसीत आम्ही दोघी एकदमच गेलो आणि तिथंच पहिल्यांदा रायफल हातात आली. पॉइंट टू टू. पेन्सिलीहूनही बारीक गोळी, फळी आपटल्यासारखा आवाज. खांद्याला धक्का असा बसतच नाही. मुली हसायला लागल्या, तशी आमच्या हवालदारांनी सगळ्यांना उभं केलं आणि दरडावलं, "हसो मत. बंदूक छोटी है, मौत छोटी नहीं है." मी मान हलवली आणि विसरून गेले. यास्मिन पोटावर पडून, श्वास रोखून, एकामागून एक पाच गोळ्या कागदाच्या मधोमध घालून उठली. हवालदारांनी कागद दोनदा उलटसुलट करून बघितला आणि पुढच्याच आठवड्यात आम्हा दोघींना क्लबवर घेऊन गेले.

साहेब तिथं भेटले. तेव्हा ते ऐन उमेदीत होते. भरपूर जमीन, आंबा घाटाच्या बाजूला फार्महाऊस, उघडी जीप, आणि बोलणं असं मोठं की मैदानाच्या ह्या टोकाला उभं राहिलं तरी ऐकू यावं. खोटं कशाला लिहू, त्यांनी यास्मिनला खूप मदत केली. क्लबच्या रायफली झिजलेल्या होत्या. राज्य स्पर्धेच्या वेळी त्यांनी स्वतःची परदेशी पॉइंट टू टू काढून तिच्या हातात ठेवली. "घे पोरी, आन तुजा बा गाद्या शिवतो म्हणून लाजू नगंस." ती पदक घेऊन आली तेव्हा सगळ्या क्लबला पेढे त्यांनीच वाटले. यास्मिन त्यांना काका म्हणायची. ही मदत तिनं कधी लपवली नाही, तेव्हा मीही लपवत नाही.

फार्महाऊसवर त्यांच्या जेवणावळी चालायच्या. आम्हाला तिथं बोलावणं नसायचं. पण दुसऱ्या दिवशी क्लबवर गप्पा व्हायच्या, त्या कानावर पडायच्या. मोठ्या बोअरची बंदूक कशाला हवी, पॉइंट टू टू बास हाय, आवाज न्हाय की काय न्हाय, कानामागं घातली की सांबरसुद्धा जागेवर बसतंय. माणसं हसायची. हरणाच्या शिकारीवर बंदी येऊन तेव्हाही जमाना झाला होता, आणि हसणाऱ्यांत बंदोबस्त ठेवणाऱ्या खात्यांतली माणसंही असायची. आम्हाला वाटायचं, बढाया मारतात.

बारावीला एमबीबीएसला मार्क कमी पडले म्हणून यास्मिन पशुवैद्यकाकडं गेली. मुक्या जनावरांची हाक वगैरे काही तिनं ऐकली नव्हती. मेल्यावर सगळ्यांनी तिला प्राणीमित्र करून टाकलं म्हणून हे सांगते. हा शब्द तिला अजिबात सोसायचा नाही. तांबडा रस्सा ती वाटीवर वाटी प्यायची. गायीच्या पोटातून आडवं वासरू काढताना तिच्या तोंडून ज्या शिव्या जायच्या, त्या ह्या पुरवणीत छापता येणार नाहीत. कुणी सत्काराला प्राणीमित्र म्हणालं की ती माइकवरच सांगायची, "मी कुणाची मित्र न्हाय. मी सरकारी डॉक्टर हाय. सरकार पगार देतंय, मी काम करत्ये." आणि खाली बसायची.

नोकरीत फिरून फिरून ती शेवटी आपल्या गावी, मलकापूरला आली. तिथल्या पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिचा मला फोन आला. विशाळगडाच्या बाजूच्या एका वाडीतल्या लोकांनी तिला बोलावून नेलं होतं. नाचणीच्या शेताशेजारी ओढ्यात एक सांबराची मादी उभी होती. नुसती उभी. माणसं जवळ गेली तरी पळेना. पाण्यात उभं राहिल्यानं पोटाची आग कमी होत असावी असं यास्मिन म्हणाली. पोटावर एक भोक, करंगळीच्या टोकानं झाकलं जाईल एवढं, आणि त्याच्याभोवती अळ्या. आत सगळं सडलेलं. दिवसचे दिवस ते जनावर तसं हिंडत होतं. "सांबर म्हैशीएवढं असतंय गं," ती म्हणाली. "ह्या गोळीनं ससा मरतोय. सांबर मरत न्हाय, त्याला नुसतं भोक पडतंय. ते पळून जातंय, आन ह्यांना वाटतंय नेम चुकला. घरी जाऊन जेवत्यात..." त्या मादीला तिनं इंजेक्शन देऊन झोपवलं. अशी जनावरं पुढं तिला आणखीही बघावी लागली. दरवेळी भोक तेवढंच.

मी भौतिकशास्त्र शिकवते, मला त्या गोळीचं वजन आणि वेग तोंडपाठ आहे. क्लबवर रायफल धरणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असतं. म्हणजे कानामागं मारायच्या गप्पा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की हलत्या जनावरावर, झाडीतून, दहातल्या नऊ गोळ्या कानामागं लागणार नाहीत. तरी ते हीच रायफल नेत होते. कारण मोठ्या बंदुकीचा बार डोंगरभर घुमतो आणि चौकीवर ऐकू जातो. गोळी बारीक घ्यायची ती आवाजासाठी, म्हणजे स्वतःच्या सोयीसाठी. त्या सोयीपायी जनावर आठवडाभर मरत राहिलं तरी चालतंय. ह्याला शिकार म्हणणाऱ्यांचा मला जेवढा राग येतो, तेवढाच मान डोलावून ऐकणाऱ्यांचाही येतो.

मग ते प्रकरण झालं. वनरक्षक तानाजी सकाळच्या फेरीवर असताना त्याला साहेबांच्या फार्महाऊसच्या वरच्या अंगाला जीप दिसली, जीपशेजारी रायफल घेऊन उभे असलेले साहेब दिसले आणि एक बार ऐकू आला. चार दिवसांनी खालच्या ओढ्यात सांबर मेलेलं सापडलं. कुत्र्यांनी एका अंगानं फाडलं होतं. तानाजीनं वर कळवलं, शवविच्छेदनाला यास्मिनला बोलावलं, आणि तिनं बरगडीला चिकटलेली शिशाची गोळी बाहेर काढली.

त्या रविवारी मी मलकापुरात तिच्याकडेच होते. दवाखान्यात बसून आम्ही चहा पीत होतो, तेवढ्यात साहेब आले. वय झालं होतं, पण आवाज तोच. मागून ड्रायव्हरनं आंब्याची पेटी आणून ठेवली.

"काय डॉक्टर, काकाला चा हाय का न्हाय?"

"हाय की. बसा."

चहा आला. साहेबांनी बशीत ओतून घेतला. "ते सांबराचं कागद गेलं का वर?"

"उद्या जाणार."

"मग हाय अजून आपल्या हातात."

"माज्या हातात हाय," यास्मिन म्हणाली.

"कुत्र्यांनी फाडलंय म्हणं त्याला. तेच लिवायचं. उगं पोटात गोळ्या शोधत बसायचं व्हय? आन पॉइंट टू टूनं सांबर मरतंय व्हय पोरी? तुला म्या सांगाय पायजे?"

"तोच घोटाळा हाय काका, लगेच मरत न्हाय. आतडं फुटून चार दिवस हिंडलंय ते. मोठी बंदूक नेली असती तर तितंच पडलं असतं, पर आवाज झाला असता. तुमचा आवाज हू नये म्हणून त्यानं चार दिवस मरायचं?"

साहेबांनी बशी खाली ठेवली. हसले. "माजीच रायफल खांद्याला लावून मेडल आणलंस. इसरलीस?"

"न्हाय इसरले. त्या रायफलीवर शिकले, म्हणूनच गोळी बघितल्या बघितल्या वळखली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जणू मी काही बोलावं. मी त्यांची आंब्याची पेटी उचलली आणि बाहेर नेऊन जीपमध्ये ठेवली. अहवाल दुसऱ्या दिवशी गेला, जसा होता तसा.

पुढं काय काय झालं ते आठवलं की अजून माझ्या कानशिलाची शीर उडते. तिची बदली झाली, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. कारण प्रशासकीय. गावात उठवलं की सांबराचं मटण डॉक्टरीणबाईच्याच घरी शिजत होतं. तिच्या आडनावाकडं बघून माणसांना ते चटकन पटलं. ज्यांच्या म्हशी तिनं भर पावसात जाऊन वाचवल्या होत्या, त्यांतल्या काहींनी सलीमच्या दुकानात गाद्या भरायला टाकणं बंद केलं. क्लबच्या भिंतीवर पदकवाल्यांचे फोटो असायचे, त्यांतला तिचा फोटो रंगकामाला म्हणून उतरवला तो परत लागला नाही. मी जाऊन विचारलं, तर म्हणाले, काच फुटली. त्याच दिवशी मी क्लब सोडला, ग्रुपवरून नाव काढायचं तेवढं राहून गेलं.

कोर्टात तिला लांबून यावं लागे. एसटीनं रातभर प्रवास करून यायची, मलकापुरात तोंड धुवायची आणि उभी राहायची. पण शिशाची गोळी मऊ असते. हाडावर आपटून ती चपटी झाली होती, कुठल्या नळीतून सुटली हे कुणालाच सांगता येईना. साहेबांनी जमा केलेली रायफलही भलतीच, कोरी करकरीत. राहिला तानाजी. तानाजी पिंजऱ्यात उभा राहिला, खाली बघितलं आणि म्हणाला, "धुकं हुतं. मानूस वळखू आला न्हाय."

संपलं. निकालानंतर बाहेर साहेबांना हार घातले, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. एक जनावर तडफडून मेलं त्याबद्दल फटाके! तानाजी आमच्या समोरून मान खाली घालून गेला आणि मी त्याला भररस्त्यात वाट्टेल ते बोलले. यास्मिननं मला ओढलं. "त्याला दोन लेकरं हायत. सोड."

"आणि तुला काय नाही?" मी ओरडले.

"मला पेन्शन हाय," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी त्या फटाक्यांच्या धुरात उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो.

दोन वर्षांनी भांडून भांडून ती परत मलकापूरला बदलून आली. आल्या आल्या तानाजीची म्हैस अडली, तेव्हा निरोप पाठवायचं धाडस त्याला होईना. बायकोला पाठवलं. यास्मिन गेली. मी तिच्यावर चिडले, तर म्हणाली, "साक्ष त्यानं फिरवली, म्हशीनं न्हाय." सरकारनं वरच्या कोर्टात जावं म्हणून तिनं खेटे घातले. वर कुणीच गेलं नाही. ह्या गोष्टीचा तिला शेवटपर्यंत राग होता. कोल्हापूरच्या दवाखान्यात मी तिला शेवटची भेटले तेव्हा नाकात नळी, हात काडीसारखे झालेले. मी आपलं शांतपणाचं काहीतरी बोलायला गेले, तर डोळे वटारून म्हणाली, "वैशे, मी शांत-बिंत काय झालेली न्हाय. कुणाला तसं सांगू नगंस." म्हणून सांगत नाही.

ती गेल्यावर क्लबनं शोकसभा ठेवली. अध्यक्ष साहेब. मी जाणार नव्हते, पण सलीम म्हणाला, "दीदी, अम्मी जाणार म्हणतीय. तिच्याशेजारी बसायला तरी ये." तेव्हा गेले. व्यासपीठावर फोटो होता. तोच, भिंतीवरचा. काच शाबूत होती. साहेब बोलायला उठले. नेम मी शिकवला, पहिली रायफल मी दिली, माझ्या लेकीसारखी... मग गळा दाटून आल्यासारखं करून म्हणाले, "आमच्यात थोडे मतभेद झाले. लेक बापावर रुसतेच."

मी उठले. पुढं गेले. कुणाला वाटलं मी दोन शब्द बोलणार आहे, म्हणून माइक दिला. मी म्हणाले, "ती रुसली नव्हती. तिनं तुमच्याविरुद्ध साक्ष दिली होती, आणि मरेपर्यंत ती त्या साक्षीवर ठाम होती." माइक बंद झाला. वर्ग शिकवणाऱ्या बाईला माइक लागत नाही. ओढ्यात उभी राहिलेली ती मादी मी त्या हॉलमध्ये उभी केली, अळ्यांसकट. बारीक गोळी पोटात गेल्यावर काय काय होतं ते एकेक करून सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हा प्रसंग नव्हे." मी विचारलं, "मग कुठला?" साहेब हात जोडून, डोळे मिटून बसले होते. माणसं आपापल्या चपलांकडं बघत होती. मग चहा आला आणि माणसं चहा प्यायली. कपबशांचा तो आवाज मला अजून सहन होत नाही. यास्मिनची अम्मी तेवढी उठून माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून बाहेर पडली. चहाला शिवली नाही.

मला वाटलं, इथं संपलं. पण गेल्या आठवड्यात तानाजीचा फोन आला. शोकसभेला तोही मागं उभा होता म्हणे, मी बघितला नव्हता. "बाई, भेकर घावलंय. मेलंय. आमच्या खात्याचं वरचं सायब म्हणत्यात कुत्र्यांनी मारलं, पुरून टाक. म्या पुरलं न्हाय. दवाखान्यात आणलंय. तुमी येता का?" मी विचारलं, "मी येऊन काय करू? आणि तुला आत्ताच कसं सुचलं?" तो म्हणाला, "धुकं नव्हतं त्या दिवशी. बास, एवढंच हाय." मी रजा टाकली आणि बांबवडेमार्गे मलकापूर गाठलं.

दवाखान्यातली खोली अजून तिचीच होती. खुंटीवर तिचा रेनकोट, खिडकीत तिचा चहाचा कप, त्यात कुणीतरी पेनं खोचलेली. तिच्या खुर्चीत डॉ. ओंकार बसला होता, तात्पुरता चार्ज घेतलेला, पोरसवदा, घाबरलेला. "मॅडम, मला फोन आलाय," तो म्हणाला. "कुत्र्यांचा हल्ला असं लिहा म्हणून." मागच्या अंगणात सिमेंटच्या कट्ट्यावर भेकर ठेवलं होतं. शेळीएवढं हरीण, लालसर, एका अंगानं कुत्र्यांनी तोडलेलं. मला तर काहीच दिसेना. मी ओंकारला म्हणाले, "तुम्हाला लिहायचं ते लिहा. मला फक्त तुमच्या तोंडाकडं बघायचंय, तुम्ही लिहिताना."

तो आत गेला आणि रेझर घेऊन आला. "मी इंटर्न असताना यास्मिन मॅडमकडंच होतो," तो हळूच म्हणाला. "चाकू आधी धरू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, आधी भादर. भोक केसांत दडतंय." आणि तो भेकराच्या न फाटलेल्या कुशीवरचे केस काढायला लागला, पट्ट्यामागून पट्टा, न्हाव्यासारखा, सावकाश. पुढच्या पायामागं, पांढुरक्या कातडीवर, ते दिसलं. ओंकारनं रेझर ठेवला. चाकू त्यानं स्वतःच उचलला.

गोळी निघाली. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक सलीम दुकान बंद करून आला. दुसरं कोण, असं तानाजीनं विचारलं आणि आजूबाजूची माणसं पांगायला लागली. मी पेन मागितलं. कपातलंच एक पेन ओंकारनं काढून दिलं. पूर्ण नाव घातलं, वय घातलं, पत्ता घातला. सही केली.

बोलावणं आलं की मी कोर्टात उभी राहणार आहे. धुकं नव्हतं, ऊन होतं, आणि मला सगळं स्वच्छ दिसत होतं.